होडीला भोक कसे पाडावे?

होडीला भोक पडणे ही आमच्या किनाऱ्यावर मोठी आपत्ती मानली जाते. एखाद्याच्या संसाराची दैना सांगावयाची झाली तरी आमच्याकडे जुनी माणसे 'त्याच्या होडीला भोक पडले' असेच म्हणतात. मग कोणी जाणूनबुजून, माप घेऊन, पेन्सिलीने वर्तुळ आखून आपल्याच चांगल्या होडीला भोक पाडू लागला, तर त्याला काय म्हणावे? गेल्या चतुर्थीनंतर असे एक नव्हे तर दोन भोके पाडण्याचे काम आम्ही आरंभापासून शेवटपर्यंत उभे राहून पाहिले. जे पाहिले आणि विचारून समजून घेतले, ते आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या घरच्या मंडळींना सांगावे, म्हणून हा लेख.

प्रसंग असा घडला. आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील पूर्वी मासेमारी करीत. आता त्यांच्या फायबरग्लासच्या चोवीस फुटी होडीतून मुलगा पर्यटकांना नदीच्या मुखापर्यंत फिरवून आणतो. होडी कर्ज काढून घेतलेली, हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत. होडीत दोन स्पीकर बसवावे, म्हणजे प्रवाशांना माहितीही सांगता येईल आणि गाणीही ऐकवता येतील, असे मुलाच्या मनात आले. वडिलांनी मात्र साफ नकार दिला. त्याला कारणही तसेच होते. पूर्वी एका उतावळ्या कारागिराने दिवा बसविण्यासाठी होडीच्या पुढच्या डेकला भोक पाडले होते. भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या, त्या वाटे पाणी आत मुरले आणि डेकच्या पोटातील लाकूड कुजले. ते दुरुस्त करण्यात ऐन हंगामाचे दिवस गेले.

मुलगा आमच्याकडे येऊन म्हणाला, "मास्तर, तुम्ही बाबांना समजावून सांगा. तुमचे ते ऐकतील."

आम्ही म्हटले, "अरे बाबा, आम्हांलाच जे ठाऊक नाही ते आम्ही त्यांना काय समजावणार? चांगला मेस्त कोण आहे ते सांग. आधी आपण त्याच्याकडून समजून घेऊ."

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. खडू आणि डस्टर यांखेरीज दुसरे हत्यार आमच्या हाती सहसा येत नाही. आमच्या घरी बोलतात त्या कोकणीत भोकाला 'बुराक' म्हणतात, हा शब्द पोर्तुगीज 'बुराकु'वरून आला आणि 'मेस्त' हाही पोर्तुगिजांच्याच 'मेश्त्री'वरून आला, एवढीच माहिती आमच्या गाठीशी होती. परंतु शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक असली म्हणून वस्तूची माहिती असतेच असे नाही, हे त्या दिवशी आम्हांला पुरेपूर कळून आले.

प्रथम फायबरग्लास म्हणजे काय ते पाहू. जुन्या मातीच्या घरांच्या भिंती तुम्ही पाहिल्या असतील. नुसत्या मातीला तडे जातात, म्हणून मातीत भाताचा पेंढा मिसळतात. माती पेंढ्याला जागच्या जागी धरून ठेवते आणि पेंढा मातीला फुटू देत नाही. फायबरग्लासमध्ये पेंढ्याच्या जागी काचेचे तंतू असतात आणि मातीच्या जागी रेझिन नावाची कृत्रिम राळ असते. वितळलेली काच बारीक छिद्रांतून ओढून हे तंतू काढतात. माणसाच्या केसाहूनही ते कितीतरी बारीक असतात. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात हे तंतू मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी याच धंद्यासाठी स्थापन झाली. पुढे पॉलिएस्टर रेझिनची जोड मिळाली आणि १९४२ साली ओहायो राज्यातील टोलीडो येथे रे ग्रीन यांनी या दोहोंपासून एक छोटी होडी बनविली. आज आमच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या शेजारी ज्या पांढऱ्या, निळ्या फायबरच्या होड्या दिसतात, त्या याच घराण्यातल्या.

ही होडी घडविण्याची रीत मोठी गंमतीची आहे. लाकडी होडी आतून बाहेर वाढत जाते. आधी कणा, मग वाका, मग फळ्या आणि सर्वांत शेवटी रंग. फायबरची होडी बाहेरून आत वाढते. मोठ्या साच्याला आतल्या बाजूने मेण लावतात आणि त्यावर प्रथम रंगीत रेझिनचा थर देतात. याला जेलकोट म्हणतात. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. मग त्यावर काचतंतूंची चटई अंथरावयाची, रेझिन ओतावयाचे, रोलरने हवेचे बुडबुडे काढावयाचे आणि पुन्हा दुसरी चटई, असे एकावर एक थर देत जातात. रेझिन कडक झाले की होडी साच्यातून बाहेर काढतात. म्हणजे आपल्याला होडीवर जो चकचकीत रंग दिसतो तो शेवटी दिलेला नसून सर्वांआधी दिलेला असतो!

भोक पाडताना सारा घोटाळा होतो तो या जेलकोटमुळे. त्याच्या खालचे थर काचतंतूंनी बांधलेले असतात, पण जेलकोटमध्ये तंतू नसतात. तो चिनी मातीच्या बरणीवरील झिलईसारखा कडक, गुळगुळीत आणि ठिसूळ असतो. बरणीला काठाशी टिचकी बसली की झिलईचा टवका उडतो, तसाच करवतीच्या दात्याने ओढ घेतली की जेलकोटचा टवका उडतो. टवका एक वेळ परवडला, पण त्याच्याबरोबर बारीक भेगाही पडतात आणि होडी लाटांवर आदळू लागली की त्या भेगा पसरत जातात. डेकला पूर्वी झालेली इजा ती हीच.

आता कोणी विचारील, स्पीकरसाठी भोक पाडावयास तरी कशाला हवे? स्पीकर एखाद्या खुंटीला टांगला तर चालणार नाही काय? हा प्रश्न आम्हीही मेस्तला विचारला. स्पीकरचा शंकूच्या आकाराचा पडदा पुढे-मागे हलतो. तो पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. स्पीकर उघडाच टांगला तर मागची हवा कडेने पुढे वळते व दोन्ही लहरी एकमेकींना मारून टाकतात. विशेषतः ढोलासारखा खालचा, भरदार आवाज नाहीसा होतो. म्हणून पडद्याची पुढची बाजू आणि मागची बाजू यांच्यामध्ये भिंत हवी. ती भिंत म्हणजे होडीची आतली फळी, आणि त्या भिंतीतली खिडकी म्हणजे आपले भोक.

भोक कोठे पाडावयाचे, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. मेस्तने सकाळचा अर्धा वेळ एकही हत्यार हाती न घेता केवळ पाहण्यात घालविला. पाण्याला लागणाऱ्या बाहेरच्या कवचाला हात लावावयाचा नाही, हे उघडच आहे. या होडीला बाहेरचे कवच आणि आतले अस्तर असे दोन पदर आहेत. बाकांच्या मागे, काठाच्या खाली जे आतले अस्तर उभे आहे, तीच जागा ठरली. तेथे पावसाचे व लाटांचे तुषार थेट येत नाहीत आणि प्रवाशांचे पायही लागत नाहीत.

परंतु अस्तराच्या मागे काय दडले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. तेथे पेट्रोलची नळी असू शकते, विजेच्या तारा असू शकतात, सुकाणूची केबल असू शकते किंवा होडीला बळकटी देणारी आडवी फासळी असू शकते. यासाठी मेस्तने एक साधी युक्ती केली. वर्तुळाच्या मध्यबिंदूवर एक बारीक छिद्र पाडले. ड्रिलच्या टोकाला त्याने चिकटपट्टी गुंडाळली होती, म्हणजे टोक ठराविक खोलीपलीकडे जाणार नाही. मग सायकलच्या स्पोकएवढी जाड तार काटकोनात वाकवून त्या छिद्रातून आत घातली आणि गोल फिरविली. तारेच्या आत गेलेल्या भागाची लांबी भोकाच्या त्रिज्येहून थोडी अधिक होती. डावीकडच्या जागी तार बिनअडथळा पूर्ण फिरली. उजवीकडे मात्र ती अर्ध्यावर अडली. बाकाखालून हात घालून चाचपले तेव्हा कळले, की तेथून पेट्रोलची नळी गेली होती. तारेने सांगितले नसते तर करवतीने सांगितले असते! उजवीकडची जागा एक वीत मागे सरकवली आणि पहिले बारीक छिद्र रेझिनने बुजवून टाकले.

आणखी एक गोष्ट. स्पीकरच्या पाठीवर मोठे लोहचुंबक असते आणि होडीतील होकायंत्राची सुई चुंबकाच्या तालावर नाचते. शास्त्राच्या तासाला तुम्ही सुईजवळ चुंबक नेऊन हा खेळ पाहिलाच आहे. नदीत तो खेळ खपून जाईल, पण धुके असताना नदीच्या मुखाशी दिशा चुकणे हा खेळ नव्हे. म्हणून मेस्तने स्पीकर ठरलेल्या जागी नुसता हातात धरून ठेवला आणि होकायंत्राकडे पाहावयास मुलाला सांगितले. सुई हलली नाही, तेव्हाच जागा पक्की झाली.

आता माप. ज्याला साडेसहा इंची स्पीकर म्हणतात त्याचे भोक साडेसहा इंचांचे नसते. साडेसहा इंच हा बाहेरच्या कडेचा व्यास. तो १६५ मिलिमीटर भरतो. आत जाणारा भाग लहान असतो. आमच्या स्पीकरच्या खोक्यात कागदाचा जो नमुना होता त्याप्रमाणे भोकाचा व्यास पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर होता. दोन्ही व्यासांतील फरकाचा अर्धा, म्हणजे १९ मिलिमीटरची कड सर्व बाजूंनी फळीवर टेकणार आणि त्या कडेतच स्क्रू बसणार. भोक चार-पाच मिलिमीटरांनी जरी मोठे झाले तरी स्क्रूंना धरावयास जागा उरणार नाही. वेगवेगळ्या कारखान्यांच्या स्पीकरांची मापे वेगवेगळी असतात, म्हणून दुसऱ्याच्या मापावर विसंबू नये. तसेच स्पीकरची खोलीही मोजून घ्यावी. भोक पाडल्यावर चुंबक मागच्या कवचाला टेकते असे कळले, तर त्या ज्ञानाचा उपयोग काय?

हत्याराची निवड हीदेखील विचाराची गोष्ट आहे. फायबरग्लासमध्ये काच असते आणि काच पोलादाची धार झपाट्याने मारते. साध्या करवतीचे दाते एका भोकातच बोथट होतात, आणि बोथट दाता कापीत नाही, तो ओरबाडतो. म्हणून दात्यांना कार्बाइड या अतिकठीण द्रव्याची टोके बसविलेली, किंवा दात्यांऐवजी कार्बाइडचे वा हिऱ्याचे कण चिकटविलेली करवत वापरतात. मेस्तकडे पाच इंची होल-सॉ होता. होल-सॉ म्हणजे डब्याच्या आकाराची गोल करवत. तिच्या मध्यभागी एक ड्रिलचे टोक असते. ते मध्यबिंदूवर रोवले जाते आणि त्याच्या आधाराने भोवतीची करवत फिरते, जशी कंपासची पेन्सिल टोकाभोवती फिरते तशीच.

या ठिकाणी गणिताचा थोडा उपयोग करू. होल-सॉचा व्यास १२७ मिलिमीटर, तेव्हा त्याचा परीघ सुमारे ३९९ मिलिमीटर. यंत्र मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर प्रत्येक दाता मिनिटाला सुमारे १२० मीटर धावतो. तेच यंत्र, तेच फेरे, पण होल-सॉ २५ मिलिमीटरचा असेल तर दाता मिनिटाला २४ मीटरसुद्धा धावत नाही. म्हणून भोक जितके मोठे तितके यंत्र हळू चालवावयाचे. जोरात चालविले तर रेझिन तापून जळका वास येतो, दाते बोथट होतात आणि हातातून यंत्र हिसकले जाते. ज्या विद्यार्थ्यांना वर्तुळाचा परीघ काढणे निरुपयोगी वाटते, त्यांनी मेस्तच्या मनगटाला विचारावे.

प्रत्यक्ष कापण्यापूर्वी ठरलेल्या जागेवर मास्किंग टेपच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून चिकटविल्या आणि आखणी त्या टेपवर केली. टेपमुळे तीन फायदे होतात. पेन्सिलीची रेघ स्पष्ट उमटते, यंत्राचा पाय घासून जेलकोटवर ओरखडे पडत नाहीत आणि कड सुटू पाहत असली तरी टेप तिला धरून ठेवते. मग मध्यबिंदूचे छिद्र होल-सॉच्या टोकाएवढे मोठे केले.

आणि येथे आम्ही ती गोष्ट पाहिली जिच्यासाठी हा सारा लेख लिहिला म्हटले तरी चालेल. मेस्तने यंत्राची कळ उलटी फिरविली! करवत उलटी फिरू लागली.

वडील न राहवून म्हणाले, "अरे, उलटी करवत कधी कापते काय?"

"कापत नाही काका, म्हणूनच उलटी लावली," मेस्तने उत्तर दिले. "दाता सुलटा असला की तो घास घेतो आणि घासाबरोबर टवका उडवितो. उलटा असला की घास घेत नाही, नुसता घासतो. मला अर्धा मिलिमीटरच घासावयाचा आहे."

जेलकोटचा थर एवढाच असतो. करवतीवर जोर न देता त्याने उलट्या फेऱ्यांनी एक सुबक गोल खाच पाडली. खाचेत जेलकोटचा रंग संपून खालचा काचतंतूंचा फिकट थर दिसू लागला, तेव्हा त्याने यंत्र थांबविले, कळ सुलटी केली आणि मग तीच खाच पुढे कापीत नेली. आता दाते थेट तंतूंच्या थरात काम करीत होते. जेलकोटची कड आधीच सुटी झालेली असल्यामुळे तिला ओढ बसण्याचा प्रश्नच उरला नव्हता. यंत्र त्याने फळीशी अगदी काटकोनात धरले होते. ते तिरके झाले तर एका बाजूचे दाते आधी आरपार जातात, अडकतात आणि यंत्र मनगटाला पीळ देते. मधून मधून तो थांबे, करवत बाहेर काढून भुसा झाडी व तिला निवू देई. शेवटी शेवटी त्याने जोर आणखी कमी केला. थोड्याच वेळात एक गोल चकती करवतीच्या पोटात येऊन बसली. टेप सोलून काढला तेव्हा भोकाची कड इतकी स्वच्छ निघाली होती, की वडिलांनी तिच्यावरून बोट फिरवून पाहिले आणि ते काहीच बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे हीच आम्हांला मोठी पावती वाटली.

प्रत्येकाजवळ एवढा मोठा होल-सॉ असेलच असे नाही, आणि भोक लंबगोल असेल तर त्याचा उपयोगही नाही. अशा वेळी जिगसॉ वापरतात. वर्तुळाच्या आत, रेषेला न लागता, एक छिद्र पाडावयाचे आणि त्यातून जिगसॉचे पाते घालून कापावयाचे. पण साध्या पात्याचे दाते वर येताना कापतात, त्यामुळे टवके नेमके वरच्या दर्शनी बाजूचे उडतात. म्हणून खाली जाताना कापणारे उलट्या दात्यांचे किंवा कार्बाइडचे कण लावलेले पाते घ्यावे, पात्याची पुढे-मागे झोके घेण्याची कळ बंद ठेवावी आणि रेषेच्या एक-दोन मिलिमीटर आतूनच कापावे. उरलेली कड अर्धगोल कानशीने घासून रेषेपर्यंत आणावी. कानस नेहमी बाहेरून आत ढकलावी, आतून बाहेर ओढू नये. ओढली तर तीही टवका उडवील. जास्त कापलेले परत येत नाही, कमी कापलेले केव्हाही घासता येते, हा सुताराचा जुना नियम येथेही खरा आहे.

भोक पडले म्हणजे काम संपले असे मानणाऱ्यांच्याच होड्या पुढे कुजतात. कापलेल्या कडेत काचतंतूंची तोंडे उघडी पडलेली असतात, आणि त्या वाटे ओलावा हळूहळू आत शिरतो. म्हणून कड बारीक पॉलिश पेपरने साफ करून तिच्यावर इपॉक्सी रेझिनचा हात द्यावयाचा. काही होड्यांत, विशेषतः डेकमध्ये, दोन पातळ थरांच्या मध्ये बाल्सा लाकडाचा किंवा फोमचा गाभा असतो. गाभा दिसला तर तो कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आत कोरून काढून त्या पोकळीत दाट केलेले इपॉक्सी भरावे, म्हणजे पाणी गाभ्यापर्यंत पोहोचू शकणार नाही. डेकच्या वेळी नेमके हेच राहून गेले होते. आमच्या अस्तरात गाभा नव्हता, ते सुमारे पाच मिलिमीटर जाड व भरीव होते, तरीही मेस्तने कड भरलीच. ती वाळेपर्यंत दुसऱ्या दिवसावर काम टाकले. पावसाळ्यात, दमट हवेत हे काम न करण्याचे कारण आम्हांला तेव्हा कळले. ओल्या कडेवर रेझिन नीट धरत नाही.

दुसऱ्या दिवशी स्क्रू. स्क्रूच्या छिद्रालाही जेलकोटचा तोच नियम लागू आहे. छिद्र पाडल्यावर त्याचे तोंड थोडे उतरते कोरून घेतात, म्हणजे स्क्रूचे आटे जेलकोटला न लागता खालच्या थरातच धरतात. नाहीतर आटे जेलकोटला वर उचलतात आणि छिद्राभोवती ताऱ्यासारख्या भेगा पडतात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत, कारण खाऱ्या हवेत साध्या लोखंडाचा गंज उतरून पांढऱ्या होडीवर तांबडे ओघळ येतात. स्पीकरच्या कडेखाली गॅस्केट घालून, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, यंत्राने नव्हे तर हाताने, बेताचेच आवळले. स्पीकर पुढेमागे काढावा लागणार, म्हणून तेथे कायमचा चिकटणारा गोंद वापरावयाचा नाही.

तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या होत्या. नुसते तांबे समुद्राच्या हवेत हिरवे पडते. स्पीकरला जोडण्यापूर्वी तारेला खाली एक झोळ दिला होता, म्हणजे तारेवरून आलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, जोडापर्यंत चढत नाही. बॅटरीजवळ फ्यूज होता. दोन्ही स्पीकरांची अधिक व ऋण टोके सारखी जोडली आहेत ना, हेही मेस्तने पाहिले. एकाचे टोक उलटे लागले तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि भरदार आवाज मरतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दीड व्होल्टच्या सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला व ऋण टोक ऋणाला क्षणभर लावावे. पडदा पुढे सरकला की जोडणी बरोबर.

आता धुळीविषयी. फायबरग्लासच्या धुळीत काचेचे सूक्ष्म तुकडे असतात. ते त्वचेला कंड आणतात, डोळ्यांत खुपतात आणि श्वासावाटे आत जातात. मेस्तने पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा व चांगला मास्क घातला होता आणि मुलगा भोकाखाली व्हॅक्युमची नळी धरून उभा होता. ती धूळ नदीत झाडून टाकावयाची नाही, असे मेस्तने त्याला दोनदा बजावले. ती विरघळत नाही, कुजत नाही, आणि ज्या पाण्यावर आपली भाकरी चालते त्यात ती कायमची राहते. काम झाल्यावर अंग न चोळता भरपूर पाण्याने धुवावे आणि ते कपडे घरच्या इतर कपड्यांत मिसळू नयेत. विद्यार्थ्यांनी ही यंत्रे जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून हाती घेऊ नयेत, हे वेगळे सांगावयास नको.

एवढी सारी खबरदारी कशासाठी, असे वाटत असेल तर चुकीचे भोक बुजविण्याचा हिशेब करून पाहा. भोकावर नुसती चकती चिकटविली तर ती टिकत नाही. भोवतीची कड तिरकी घासून उतरती करावी लागते आणि त्या उतारावर नवे थर चढवावे लागतात. उताराची लांबी जाडीच्या बारापट असावी, असा नियम मेस्तने सांगितला. पाच मिलिमीटर जाडीला साठ मिलिमीटर उतार, आणि तोही सर्व बाजूंनी. म्हणजे १२७ मिलिमीटरच्या भोकासाठी २४७ मिलिमीटर व्यासाची दुरुस्ती. क्षेत्रफळ काढून पाहिले तर ते मूळ भोकाच्या जवळजवळ चौपट भरते. उतावळेपणाची किंमत चौपट असते, हे येथे अक्षरशः सिद्ध होते.

तिसऱ्या दिवशी होडी पाण्यात गेली. मुलाने गाणे लावले, आणि ते साहजिकच मोठ्याने लावले. वडिलांनी हात वर करून आवाज कमी करावयास सांगितले. "पाण्यावर आवाज दूर जातो. काठावर म्हातारी माणसे आहेत, अभ्यास करणारी पोरे आहेत. आणि मुखाशी डॉल्फिन दिसले की बंद करायचे, काय?" मुलाने मान हलविली. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास २००० सालच्या नियमांनी बंदी आहे. पण वडिलांना तो नियम सांगण्याची आम्हांला गरज भासली नाही.

परत निघताना त्यांनी खिशातून ती कापलेली चकती काढून आमच्या हातावर ठेवली. "मास्तर, ही शाळेत ठेवा. माझ्या होडीचा तुकडा आहे, टाकवत नाही."

ती चकती आता आमच्या वर्गाच्या टेबलावर आहे. तिची कड भिंगाखाली धरली की वर जेलकोटची पांढरी रेघ, तिच्याखाली तंतूंच्या चटया एकावर एक आणि अगदी तळाशी रोलरच्या नजरेतून सुटलेला एक इवलासा बुडबुडा दिसतो. ज्या कोणाला पाहावयाची असेल त्याने मधल्या सुटीत खुशाल यावे. मात्र हात धुऊन यावे आणि ती जागच्या जागी ठेवून जावे.